सुंठ आधी, जायफळ शेवटी

प्रस्तावना

मुंबईची थंडी आकड्यांत फारशी दिसत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, आणि ती नोंद २२ जानेवारी १९६२ची. त्याच दिवशी कुलाब्याला पारा ११.७ अंशांवर थांबला होता. एकाच शहराच्या दोन टोकांत चार अंशांहून जास्त फरक पडतो, तेव्हा कुणाच्या वाट्याला किती थंडी येणार हे तो राहतो कुठे यावर ठरतं. मानखुर्दमध्ये तर ते घरागणिक ठरतं. इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जी पहाट नुसती सुखाची वाटते, तीच पत्र्याच्या छपराखाली अंगावर काटा आणते. कारण पत्रा दिवसा जितका लवकर तापतो तितकाच लवकर रात्री गार पडतो. पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, तिच्या कडेला खाजणं आणि तिवरं आहेत, वाऱ्याला अडवणारं काही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे खाडीत रोहित पक्षी उतरलेले असतात त्या दिवसांत, उत्तरेचा वारा सुटला की पहाटेच्या दोन-तीन तासांपुरता इथे खराखुरा हिवाळा असतो.

हे दोन-तीन तास ज्यांना जागं राहूनच काढावे लागतात, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. नळाला पाणी येण्याच्या वेळेवर ज्यांचा दिवस सुरू होतो, पहिली लोकल धरून जे कामावर जातात, कामाच्या आशेनं जे नाक्यावर उभे राहतात, रात्रपाळी करून जे उजाडताना घरी परततात, दहावी-बारावीचा अभ्यास जे सगळं घर झोपल्यावर करतात, त्या सगळ्यांना गरम काहीतरी हवं असतं. ते बहुतेक वेळा चहाच असतो: आलं ठेचून घातलेला, कधी गवती चहाची पात टाकलेला. चहाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याच गॅसवर, त्याच पातेल्यात, तेवढ्याच वेळात मसाल्याची उत्तम कॉफी होऊ शकते, आणि तिच्यामागे आपल्याच घरांतली जुनी जाण आहे. ती जाण कुणी नीट लिहून ठेवलेली नाही. मराठी घरात कॉफी पाहुण्यांसाठी, उपासाला, आजारातून उठलेल्या माणसाला किंवा परीक्षेच्या रात्री व्हायची. रोजची नसल्यामुळे तिचं माप हाताला राहिलं, कागदावर आलं नाही. करणारी बाई गेली की माप तिच्याबरोबर गेलं. ते कागदावर यावं, ही या पुस्तिकेमागची पहिली इच्छा.

असं पुस्तक मानखुर्दमधून निघतंय याला कारण आहे. हार्बर लाइनवर मानखुर्द हे मुंबईच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन. गाडी इथून सुटली की खाडीचा पूल ओलांडून वाशीला जाते. पलीकडे नवी मुंबईच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचा मसाला बाजार आहे. पूर्वी मशीद बंदरला असलेला मसाल्याचा घाऊक व्यापार आता तिथे चालतो, आणि वेलची, जायफळ, सुंठ, मिरी, दालचिनी पोत्यांनी उतरते. अलीकडच्या बाजूला अणुशक्तीनगर आणि चेंबूर. तिथे तमिळ आणि मल्याळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि त्यांच्या घरी सकाळ फिल्टरच्या कॉफीनं होते. आणखी पुढे माटुंग्याला कॉफीच्या बिया भाजून गिऱ्हाइकासमोर दळून देणारी दुकानं आहेत. मसाला एका बाजूला, कॉफी दुसऱ्या बाजूला, आणि मधे मानखुर्द, जिथे कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, उत्तरेतली, दक्षिणेतली माणसं एका गल्लीत राहतात. मसाल्याच्या कॉफीच्या दोन वेगवेगळ्या परंपरा इथे भिंतीला भिंत लावून नांदतात. त्या दोहोंतला फरक ओळखणं हे या पुस्तिकेचं सूत्र आहे. तो एकदा कळला की पुढच्या सगळ्या कृती आपोआप कळतात, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

पहिली परंपरा दुधाची. जायफळ घातलेली दाट, गोड, दुधाळ कॉफी ही खास मराठी घरांतली. तिच्यातलं जायफळ आलं कुठून? आपल्या स्वयंपाकघरात जायफळ कशात पडतं ते पाहा: पुरणात, श्रीखंडात, बासुंदीत, कोजागरीच्या मसाला दुधात. जिथे दूध किंवा गोड आटवायचं किंवा घोटायचं असतं, तिथे शेवटी जायफळ किंवा वेलची येते. माझी समजूत अशी की कॉफी आपल्याकडे आली तेव्हा मराठी गृहिणीनं तिला दुधाच्या पक्वान्नांच्या पंगतीत बसवलं आणि त्या पंगतीचा मसाला तिला दिला. म्हणून जायफळाच्या कॉफीचा स्वभाव पक्वान्नाचा आहे. तिच्यात मसाला जाणवतो तो वासानं. जिभेला तो टोचता कामा नये.

दुसरी परंपरा काढ्याची. तमिळनाडूत सुक्कू कापी आणि केरळात चुक्कू काप्पी म्हणतात ती ही. सुंठ, मिरी, धणे, कधी तुळशीची पानं पाण्यात उकळायची, ताडाचा गूळ घालायचा आणि कॉफीची पूड थोडीच टाकायची. दूध नसतं, असलं तरी नावापुरतं. घसा बसला, नाक चोंदलं, पावसात भिजून आलं की ही कॉफी होते. हिची नातलग आपल्या किनाऱ्यावरही आहे. गोवा आणि कारवारच्या सारस्वत घरांत धणे-जिरे भाजून केलेल्या पुडीचा कषाय होतो, दूध आणि गूळ घालून. त्यात कॉफीचा कणही नसतो, पण पिण्याची वेळ आणि कारण तेच. या घराण्यात मसाला घशाला जाणवला पाहिजे, वास नंतरचा.

जगातही हेच दोन रस्ते दिसतात. येमेनमध्ये कॉफीच्या फळाची वाळलेली टरफलं आणि आलं उकळून किश्र करतात. तो काढ्याच्या बाजूचा. मेक्सिकोत मातीच्या भांड्यात दालचिनी आणि आपल्या गुळासारखीच उसाची ढेप घालून कॉफी उकळतात. तीही त्याच बाजूची. अरबांच्या गहव्यात दूध नसतं, पण वेलची आणि केशर असतं, म्हणजे तो सुगंधाच्या बाजूला झुकतो. युनेस्कोनं २०१५ साली अरबी कॉफीच्या आतिथ्याला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या जायफळाच्या कॉफीला असं कुणी मानपत्र दिलेलं नाही. ती आपल्या घरात होत राहणं हाच तिचा मान.

फरक ओळखायचा तो नेमका इथे: दोन्हींत मसाला घालायची वेळ उलट आहे. सुंठ आधी पडते आणि उकळते. जायफळ शेवटी पडतं आणि उकळत नाही. बाजारच्या ‘मसाला कॉफी’त किंवा चहाचा मसाला उचलून कॉफीत घातल्यावर जी चव बिघडते, ती बहुतेक वेळा याच गोंधळामुळे. चहाच्या मसाल्यात सुंठ, मिरी, लवंग, वेलची एकत्र दळलेली असतात. ती पूड उकळली की वेलचीचा वास वाफेबरोबर जातो आणि लवंगेची तिखट कडवट चव मागे राहते. कॉफी मुळातच कडू, त्यात ही भर पडते. मग तो कडवटपणा झाकायला साखर वाढते, आणि शेवटी ना कॉफी लागते ना मसाला.

यामागचं कारण साधं आहे. जायफळाचा आणि वेलचीचा वास त्यांच्यातल्या उडनशील तेलांत असतो. ती तेलं उष्णतेनं उडतात आणि स्निग्धांशात विरघळतात. म्हणून जायफळ गॅस बंद केल्यावर किसायचं आणि वर लगेच झाकण ठेवायचं. दुधातली साय आणि स्निग्धांश तो वास धरून ठेवतात. पातळ दुधात जायफळ तेवढं खुलत नाही, ते यामुळेच. पिशवीवर पाहून घ्या: फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. रोज टोन्ड दूध घेणाऱ्यानं या कॉफीपुरतं ते थोडं आटवावं, नाहीतर वर जमलेली साय त्यातच फेटावी.

सुंठीचं उलट. आलं वाळताना आणि तापताना त्यातल्या तिखट द्रव्यांचं रूप बदलतं आणि ते अधिक झणझणीत होतं, म्हणून सुंठ ओल्या आल्याहून तिखट लागते. पण तो तिखटपणा सुंठीच्या धाग्यांतून पाण्यात यायला वेळ लागतो. शेवटी भुरभुरलेली सुंठ तळाशी बसते आणि शेवटच्या घोटाला ठसका देते. तिला आठ-दहा मिनिटं उकळू द्यायलाच हवी. ओलं आलं वापरायचं असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं आणि ते कोमट दूध नासवतं. पाण्यात आलं चांगलं उकळलं की ते निकामी होतं. म्हणून आलं कधीही आधी पाण्यात, दूध त्यानंतर. गुळाचंही असंच. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटण्याची भीती असते. पाण्यात गूळ विरघळवून घ्यावा, किंवा गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घालावा.

या दोन टोकांमध्ये बाकीचे मसाले बसतात. दालचिनीची साल कडक, ती पाण्यात उकळते, काढ्याच्या बाजूची. लवंगेचा वास इतका दांडगा की दोन कपांना एक पुरते, आणि कॉफीत ती नसली तरी कुणाला उणीव भासत नाही. वेलची दोन्हीकडे चालते: सालं दुधाबरोबर उकळावीत, दाणे कुटून शेवटी घालावेत. केशराच्या काड्या गरम दुधाच्या चमच्यात आधी भिजवाव्यात. नवख्या माणसाला माझं कळकळीचं सांगणं असं की एका वेळी एकच मसाला घ्यावा. जायफळाची कॉफी ही जायफळाची असू द्यावी. एका मसाल्याची चव जिभेला ओळखू आली की मगच दुसऱ्याला हात लावावा.

आता ही दोन माणकं, कॉफी आणि जायफळ, आपल्यापर्यंत कशी पोहोचली हेही सांगायला हवं. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे, आणि भारतातली बहुतेक कॉफी आजही कर्नाटकातच पिकते. महाराष्ट्रातही कॉफी होते, अमरावती जिल्ह्यात मेळघाटातल्या चिखलदऱ्याला. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. त्याच्या व्यापारासाठी डचांनी १६२१मध्ये तिथल्या माणसांची कत्तल केली आणि उरलेल्यांना गुलाम केलं. चिमूटभर जायफळ किसताना हा इतिहासही आठवणीत असू द्यावा. आज मात्र जायफळ आपल्या दाराशी आहे. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून घेतलं जातं, आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या आहेत. ज्यांचं गाव रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे, त्यांनी मे महिन्यात परतताना आंब्याच्या पेटीबरोबर मूठभर जायफळंही आणावीत.

मुंबईनं कॉफीला काय दिलं, हेही नोंदवण्याजोगं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेस्तनजी एदलजी या पारशी तरुणानं मुंबईत कॉफी भाजून-दळून विकायला सुरुवात केली. पुढे लोण्यामुळे घराघरांत पोहोचलेलं त्याचं ‘पॉल्सन’ हे नाव आधी कॉफीचं होतं. १९३६मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. मग बाटलीतली झटपट कॉफी आली. तिनं कॉफी करणं सोपं केलं आणि त्याच वेळी कॉफी गाळण्याची सवयही मोडली. ज्या घरात पूर्वी पूड पाण्यात मुरवून फडक्यातून गाळली जायची, तिथे चमचाभर भुकटी दुधात ढवळली जाऊ लागली. झटपट कॉफीला मी नाव ठेवत नाही. एका गॅसवर पाच माणसांचं करायचं असतं तेव्हा तिचा मोठा आधार असतो, आणि या पुस्तिकेतली प्रत्येक कृती तिनंही करता येईल अशी दिली आहे. पण पंधरा मिनिटं हाताशी असतील त्या दिवशी पूड मुरवून पाहा. वासातला फरक घरातली लहान मुलंसुद्धा ओळखतात.

पूड घेताना चिकोरीचं प्रमाण विचारा. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफीन नसतं; तिनं रंग गडद होतो, अर्क दाट लागतो आणि कडवटपणा वाढतो. नियमानं चिकोरी मिसळलेल्या पुडीत किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. दुधाच्या कॉफीला थोडी चिकोरी शोभते. दुकानात ‘ऐंशी-वीस’ म्हटलं की ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी मिळते. काढ्याच्या कॉफीला चिकोरी नसलेली बरी, कारण कडवटपणाची तिथे गरज नाही. पूड थोडी थोडी आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवावी. जायफळ अख्खंच घ्यावं. हातात जड लागणारं, भोक नसलेलं, टाचणी टोचली तर तेलाचा ओलावा दिसणारं जायफळ चांगलं. किसणी नसेल तर सहाणेवर दुधात दोन वेढे उगाळावं. बाळगुटी उगाळणाऱ्या घरांना हे शिकवावं लागत नाही.

पुढच्या पानांवर कृती सविस्तर येतीलच, पण ज्या दोन कृतींवर बाकीच्या उभ्या आहेत, त्या इथेच देते.

जायफळाची कॉफी, दोन कपांची. अर्धा कप पाणी उकळून गॅस बंद करावा. त्यात कॉफीची पूड दोन चमचे, चांगले शिगोशीग भरून, घालून एकदाच ढवळावं आणि चार-पाच मिनिटं झाकून ठेवावं. पूड उकळू नये. उकळली की करपट कडवटपणा उतरतो. हा अर्क बारीक गाळणीनं किंवा स्वच्छ मऊ फडक्यानं गाळावा. दुसऱ्या पातेल्यात दीड कप दूध दोन-तीन चमचे साखर घालून तापवावं, दोनदा वर येऊ द्यावं, मग गॅस बंद करावा. अर्क दुधात ओतावा. त्यावर जायफळ किसणीवर सात-आठ वेळा हलक्या हातानं फिरवावं, मिनिटभर झाकावं आणि उंचावरून एकदा वर-खाली करून कपात ओतावं. आधी अर्क मग दूध, आणि सगळ्यांत शेवटी जायफळ. हा क्रम चुकवू नये.

सुंठीची कॉफी, तीही दोन कपांची. अडीच कप पाण्यात बोटाच्या पेराएवढी सुंठ ठेचून, चार-पाच मिरे आणि चमचाभर धणे जाडसर कुटून घालावेत. मंद आचेवर पाणी दोन कप उरेपर्यंत उकळावं. शेवटच्या मिनिटात सुपारीएवढा गुळाचा खडा आणि हवी तर तुळशीची पानं टाकावीत. गॅस बंद करून एक चमचा कॉफीची पूड घालावी, तीन मिनिटं झाकावं, गाळावं, गरम गरम प्यावं. दूध हवंच असेल तर ते वेगळं तापवून कपात वरून घालावं.

दोन्ही कृतींना मिळून लागतं काय, तर दोन पातेली, एक गाळणी, एक किसणी किंवा खलबत्ता. कॉफीसाठी यंत्र लागतं, भारी कप लागतात, ती बाहेर बसून प्यायची गोष्ट आहे, अशी एक समजूत शहरात रुजली आहे. मला ती मनापासून खोडून काढायची आहे. एका कॅफेतल्या एका कपाच्या पैशांत घरी आठवडाभर जायफळाची कॉफी होते, आणि ती करणाऱ्याला पिणाऱ्याची आवड ठाऊक असते. चांगल्या चवीवर पहिला हक्क जास्त पैसेवाल्यांचा असतो असं मी मानत नाही. तो हक्क जाणकार हाताचा असतो, आणि असे हात मानखुर्दच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत भरपूर आहेत.

काही सावधगिरीच्या गोष्टी प्रत्येक घरानं वाचाव्यात. जायफळ चिमटीत मोजण्याची वस्तू आहे. एका अख्ख्या जायफळाचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास असतं, आणि तेवढी पूड एका वेळी पोटात गेली तर मळमळ, छातीत धडधड, भ्रम अशी विषबाधा होऊ शकते. कॉफीतल्या चिमटीचा त्याच्याशी संबंध नाही, पण पुडीचा डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नये. गर्भवतींनी नेहमीच्या चिमटीपलीकडे जाऊ नये आणि कॉफी किती चालेल ते डॉक्टरांना विचारावं. लहान मुलांना कॉफी नको; त्यांच्यासाठी तेच जायफळाचं दूध अर्क न घालता करावं, मुलं ते आनंदानं पितात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभरात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन पोटात जाऊ नये. दीडशे मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ते साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम असतं, झटपट कॉफीत ५० ते ६५. म्हणजे दिवसाला गाळलेल्या कॉफीचे दोन कप पुष्कळ झाले, आणि त्यात चहाही मोजायचा. त्याच संस्थेचा आणखी एक सल्ला बायकांनी विशेष लक्षात ठेवावा: जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण अन्नातलं लोह शरीरात शोषलं जाण्यात त्यामुळे अडथळा येतो. पहाटे डबे करता करता, भाकरीच्या पहिल्या घासाबरोबरच कप तोंडाला लावणाऱ्या आपण सगळ्यांनी ही एक सवय बदलली तर बरंच काही साधेल. आणि जायफळानं झोप येते म्हणून रात्री जायफळाची कॉफी चालेल, असं समजू नये. कॅफीनचा अंमल अनेक तास टिकतो आणि जायफळाची चिमूट त्याला उतारा नाही.

शेवटची गोष्ट खोकल्याची. मानखुर्द-गोवंडीच्या हवेत धूर आणि धूळ आधीच जास्त, आणि थंडीत ती जमिनीलगत साचून राहते. कचऱ्याच्या डोंगराकडून, रस्त्यावरून, कारखान्यांकडून येणारं सगळं आपल्या श्वासात उतरतं. सुंठीची कॉफी घशाला शेक देते, बरं वाटतं, कफ सुटायला मदत होते. पण हवेचं दुखणं पातेल्यात बरं होत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर घरचे उपाय थांबवून महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती मोफत होते, आणि क्षयरोग निघाला तर त्याची औषधंही मोफत मिळतात. हे वाक्य कृतींच्या पुस्तिकेत कशाला, असं कुणाला वाटेल. पण याच वस्तीतल्या माणसांसाठी लिहायचं, तर ते गाळणं मला शक्य नाही.

पुस्तिकेची मांडणी या सगळ्याला धरूनच केली आहे. पहिला भाग दुधाच्या कॉफीचा: जायफळ, वेलची, केशर आणि उपासाला चालणारे प्रकार. दुसरा भाग काढ्याच्या कॉफीचा: सुंठ, मिरी-धणे, दालचिनी, आणि कॉफीविना होणारा कषाय. तिसऱ्या भागात जास्त माणसांसाठीची मापं आहेत, कारण वस्तीत एकट्यापुरतं क्वचितच होतं: हळदीकुंकवाला, भजनाच्या रात्री, अंत्यविधीहून परतलेल्या माणसांना. वीस कपांची कॉफी म्हणजे दोन कपांची दसपट नव्हे. पाणी कमी आटतं, दूध जास्त वेळ तापतं, आणि जायफळ दसपट घातलं तर उग्र लागतं. ते बेतानं वाढवायचं असतं.

ज्या घरांनी आपापली मापं मोकळेपणानं सांगितली, त्यांची मी ऋणी आहे. त्यांपैकी कुणीही ‘आमचीच खरी’ असा हट्ट धरला नाही. एका घरात साखर कमी, एका घरात दूध दाट, एका घरात सुंठीला मिऱ्याची जोड नको. हे फरक पुसून एकच प्रमाण कृती करण्याचा मोह मी टाळला आहे आणि जिथे दोन रीती होत्या तिथे दोन्ही दिल्या आहेत. पुस्तिकेच्या अखेरीस काही पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत. पहिल्यांदा छापील मापानं करा, दुसऱ्यांदा आपल्या जिभेनं करा, आणि जमलं की ते माप तारखेसकट तिथे लिहा. कुणासाठी केली होती तेही लिहा, म्हणजे पुढे हे पान ज्याच्या हाती पडेल त्याला माप कळेल आणि ते तसं का ठरलं हेही कळेल.

मानखुर्द, मुंबई